‘मुलीला गुन्हेगारांची वकील करायची नाही’

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला, वीज मंडळातून निवृत्त झालेला कर्मचारी. मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे, सरासरी ६२ टक्के. मागच्या उन्हाळ्यात तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (गरिबांना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) महिनाभर इंटर्नशिप केली. दर शनिवारी वकिलांबरोबर तुरुंगात जायची. तेव्हापासून एकच धोशा, कच्च्या कैद्यांसाठी वकिली करणार. मी तिच्यासाठी तक्ता केला आहे : वय २३ जेएमएफसीचा (कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेचा) पहिला अटेम्प्ट, २५ पोस्टिंग, २६ लग्न. पाहुण्यांना तसं सांगूनही ठेवलं आहे. मुलीला गुन्हेगारांची वकील करायची नाही. तुरुंग काय असतो ते आम्ही पाहिलं आहे. २०१२ साली माझा चुलतभाऊ बांधाच्या भांडणात सव्वातीन महिने आत होता. पुढे निर्दोष सुटला, पण ती गोष्ट वेगळी. कृपया तिला समजावून सांगा.

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, वर त्याचा सारांश दिला आहे. त्यातलं पाऊण पान चुलतभावाबद्दल आहे आणि मी तिथेच अडकले. पण आधी तक्ता हातावेगळा करते.

तक्त्याची पहिलीच ओळ चुकली आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान ३ वर्षांच्या प्रॅक्टिसची अट पुन्हा लागू केली. पूर्वी आपल्याकडे चांगल्या गुणांच्या ताज्या पदवीधरांना थेट परीक्षेला बसता यायचं. तुमच्या ओळखीतल्या ज्या मुलीचं उदाहरण तुम्ही दिलं आहे, ती त्याच वाटेने गेली असणार. आता आधी सनद घ्यायची, तीन वर्षं काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं आणि मग फॉर्म भरायचा. म्हणजे २३ व्या वर्षी अटेम्प्ट होत नाही, आणि त्याखालच्या ओळी आपोआप सरकतात. (लग्नाच्या ओळीबद्दल मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून गप्प बसते. मुलीला तरी विचारलं होतं का, एवढं फक्त कुतूहल.)

परीक्षेचं बाकीचं तुम्हाला पाठ आहे : पूर्व, मुख्य, मुलाखत. सरकारी अभियोक्त्याची परीक्षा आहे, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आहे, कंपन्यांचे लीगल विभाग आहेत. क्लासवाले हे सगळं माझ्याहून छान समजावतील. ६२ टक्क्यांचा तर विषयच काढू नका, लॉमध्ये ते बरे मार्क आहेत.

आता ‘गुन्हेगार’ या शब्दाकडे येते. तुमच्या पत्रात तो सात वेळा आला आहे, आणि तुमची मुलगी ज्यांना भेटायला जात होती त्यांच्यापैकी बहुतेकांना तो लागूच होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्ची, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूच झालेला नाही. शंभरातले जवळपास ७६. तुरुंगात आहे म्हणजे काहीतरी केलंच असेल, हा आपला सगळ्यांचा समज आहे आणि तो चार माणसांतल्या तिघांच्या बाबतीत कोर्टाने अजून तपासलेलाच नाही. शिवाय कच्च्याची अवस्था काही बाबतींत पक्क्यापेक्षा वाईट. सजा झालेल्याला संचित आणि अभिवचन रजा (फर्लो आणि पॅरोल) असते, काम आणि मजुरी असते, आपण कधी सुटणार याचा हिशोब असतो. कच्च्याकडे फक्त पुढची तारीख असते. त्या दिवशी न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही किंवा व्हीसीची (व्हिडिओ कॉन्फरन्सची) लाइन लागली नाही, की त्याच्या पुढची तारीख. आणि हे सगळं खच्चून भरलेल्या बराकीत. त्याच वर्षी देशातले तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले होते. मुंबईच्या आर्थर रोडला तर हजाराच्या आतल्या जागेत तीन हजारांवर माणसं राहत आली आहेत, झोपायलासुद्धा पाळ्या लावून.

हे कायद्याला माहीत नाही असंही नाही. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनारा खातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी सजा झाली असती, तेवढी वर्षं त्यातल्या काही जणांची खटल्याविनाच आत गेली होती. खटला वेळेत चालणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायमूर्ती भगवतींनी तेव्हा सांगितलं. ते प्रकरण कोर्टात नेणाऱ्या वकील एक बाई होत्या, पुष्पा कपिला हिंगोराणी. तुमच्या तक्त्यात त्या कुठल्या ओळीत बसल्या असत्या, मला सांगता येणार नाही.

आता तुमचा भाऊ. तुम्ही लिहिलंय की खालच्या कोर्टाने पहिला अर्ज फेटाळला, मग सुट्ट्या लागल्या, मग चार्जशीट आल्यावर जामीन झाला, आणि जामीन झाल्यावरही तो नऊ दिवस आतच होता. कारण जामीनदार तुम्ही, आणि तलाठ्याकडून सातबारा आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला मिळायला नऊ दिवस लागले. काकूंनी बेसनाचे लाडू करून दिले होते, ते गेटवर घेतले नाहीत. तुम्ही तो डबा परत घेऊन निघालात आणि एसटी स्टँडवर बसून दोन लाडू खाल्लेत. चौदा वर्षांपूर्वीच्या दुपारी किती लाडू खाल्ले हे तुम्हाला आठवतंय. आणि मग पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिता, ‘पण ती गोष्ट वेगळी.’

वेगळी कशी? मी खरंच विचारतेय. तो निर्दोष सुटला २०१८ मध्ये. २०१२ मध्ये, त्या सव्वातीन महिन्यांत, तो कागदावर नेमका तोच होता जे आज तुमच्या मुलीचे शनिवारचे अशील आहेत. गावाने तेव्हा त्याला काय म्हटलं असेल ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण घरात त्यानंतर हा विषय काढायची बंदी झाली, हे लिहिलंय. मला वाटतं, चुकत असेन तर कळवा, की तुम्हाला मुलीच्या करिअरची जेवढी काळजी आहे त्याहून जास्त भीती त्या गेटची आहे. ज्या दारातून एकदा घरातलं माणूस बाहेर काढायला इतका जीव काढला, त्या दारातून आपली पोरगी स्वतःहून आत जाते, हे सहन होत नाही. मी हे समजू शकते. पण त्या भीतीला ‘चांगला स्कोप नाही’ असं नाव देऊन माझ्याकडे पाठवू नका.

तुमच्याकडे सातबारा तरी होता. माझी एक जुनी विद्यार्थिनी जिल्हा न्यायालयात विधी साहाय्याचं काम करते, तिच्याबरोबर मी एक दिवस बसले होते. दुपारी एक म्हातारी आली. नातवाचा जामीन होऊन चौथा आठवडा चालू, रक्कम १५ हजार. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स आणि भाड्याच्या खोलीचं लाइटबिल, तेही घरमालकाच्या नावाचं. जामीनदार म्हणून उभं राहील असं सातबाऱ्याचं किंवा पगारपत्रकाचं माणूस तिच्या ओळखीत कुणी नव्हतं. आदेश हातात, पोरगा आत. विद्यार्थिनीने तिथेच दोन पानी अर्ज लिहिला : रक्कम कमी करावी, जामीनदार शोधेपर्यंत काही आठवड्यांसाठी रोख जामिनावर सोडावं. दुसऱ्या दिवशी अर्ज मंजूर झाला. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण १९७८ सालचं. त्याला १० हजारांचा जामीन सांगितला आणि भाऊ जामीन राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ती रक्कम हजारावर आणली आणि गरिबाला न पेलणारा जामीन म्हणजे जामीन नाकारणंच, अशा अर्थाचं बरंच सुनावलं. निकाल पाठ्यपुस्तकात गेला. म्हातारी अजून त्याच टेबलापाशी उभी आहे.

तेव्हा या कामात वक्तृत्व वगैरे फारसं लागत नाही. हिशोब लागतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. पूर्वी कधी कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल सजेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काळ झाल्यावर जामिनावर. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणजे पहिल्या वेळचा असेल तर १ वर्ष. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा, असं कलमातच आहे. ऐकायला छान. पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तर सुटका नाही. मोबाइलचोरीत धरलेल्या पोरावर पोलिसांनी आणखी दोन जुन्या चोऱ्या लावल्या की संपलं. कुणाचे किती दिवस भरले, कुणावर किती केसेस, कुणाचा वकील सहा महिने फिरकलेला नाही, हे रजिस्टर घेऊन बसून कुणीतरी बघावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. त्याच वर्षी गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम देण्याची केंद्राची योजनाही आली. पण योजनेचा फॉर्म बराकीत आपोआप भरला जात नाही. तुमची मुलगी शनिवारी बहुधा हेच करत होती. तिला विचारा.

आता तिच्यासाठी चार कडू गोष्टी. हा भाग तिला मोठ्याने वाचून दाखवलात तरी चालेल.

पैसा सुरुवातीला कमी आहे, आणि कमी म्हणजे पुण्यात खोलीचं भाडं देऊन उरणार नाही इतका. विधी सेवा प्राधिकरणांनी २०२२ पासून बचाव पक्षाचे पूर्णवेळ वकील नेमायला सुरुवात केली आहे. कोठडीतल्या माणसाला त्याचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तो हे वकील चालवतात. त्यात सहायक म्हणून नव्या वकिलांना शिरता येतं, दरमहा मानधन मिळतं, पण पद कंत्राटी आणि खासगी केस घ्यायला बंदी. दुसरं, नुसत्या कळवळ्याने इथे दोन वर्षांच्या वर कुणी टिकत नाही. रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची रोजची नोंद) वाचता आला पाहिजे, रिमांडच्या म्हणजे कोठडी ठरवण्याच्या वेळी आठ मिनिटांत मुद्दा मांडता आला पाहिजे, चार्जशीटसाठीची ६० आणि ९० दिवसांची मुदत बोटांवर असली पाहिजे. चार्जशीट एक दिवस उशिरा आली तर तो दिवस तुमचा, जामीन हक्काने मिळतो, पण त्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे. तिसरं, बराकीतून बाहेर चिठ्ठी न्यायची नाही, निरोपही नाही, ‘ताई, फक्त आईला एवढं सांगा’ असलं तरी नाही. एका चिठ्ठीने सनद धोक्यात येते. आणि चौथं, सगळे निरपराध नसतात. काही जणांनी केलेलं असतं, आणि ते ऐकून झोप उडते. तरी त्यांचाही खटला वेळेत चालला पाहिजे, हे तिला पटत असेल तर पुढे बोलू.

एक पर्याय तुम्हा दोघांच्याही ध्यानात आलेला दिसत नाही. वकिलीची पदवी घेऊन ती समाजकार्याच्या बाजूनेही या कामात येऊ शकते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच क्षेत्रात आहे. जामीनदार शोधणं, घरच्यांचा पत्ता लावणं, सुटल्यावर कामधंदा बघणं, हे वकिलाला जमत नाही ते समाजकार्यकर्ते करतात. कोर्टात बोलायचं तिला खरंच आवडतं का, की बराकीत बोलायचं, हे एका महिन्याच्या इंटर्नशिपमध्ये कळत नाही. म्हणून या उन्हाळ्यात तिने एखाद्या फौजदारी वकिलाकडे रोज कोर्टात उभं राहावं, शनिवार नको. सोमवार ते शुक्रवार. कंटाळा पचतो का ते बघायचं. फौजदारी वकिलीत नव्वद टक्के वेळ थांबण्यात जातो.

आणि ती तीन वर्षं तिला कुठेतरी काढायचीच आहेत. उद्या जेएमएफसीचं मनात आलं तर ही प्रॅक्टिस वाया जात नाही. रिमांडच्या टेबलावर पलीकडच्या बाजूला बसणाऱ्या न्यायाधीशाने कधीतरी अलीकडच्या बाजूला उभं राहिलेलं असावं, असं मला तर फार वाटतं. पण हे तुम्हाला गोड लागावं म्हणून लिहीत नाहीये. ती परीक्षा देणार नाही म्हणाली तरी माझं उत्तर हेच राहील.

पाहुण्यांना काय सांगायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वकील होतेय, म्हणून सांगा. खोटं नाही.

तिला समजावायचं मात्र मी नाकारते. ती २२ वर्षांची आहे, तिने पत्र लिहिलं तर तिला उत्तर देईन. तोवर माझा तुम्हाला एकच प्रश्न. स्टँडवरच्या त्या लाडवांची गोष्ट तुम्ही मला, एका अनोळखी बाईला, पाऊण पान लिहिलीत. तिला कधी सांगितली आहे का?