चटणी पाकिटात भरण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कांदा-लसूण चटणीचं, म्हणजे आपल्या कोरड्या मसाल्याचं, पाकीट मिळालं. रंग झकास आलाय. पण ताटलीत ओतलं तेव्हा बोराएवढे दोन गोळे निघाले, दाबले तरी फुटेनात. कांदा पुरता वाळला नव्हता. खानावळीत हे खपून जातं, कारण डंकावरनं, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीतनं, आणलेली चटणी आठवड्यात रश्श्यात संपते. पाकीट मात्र दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने बसणार आणि मधे आपला पावसाळा येणार.

माझी पहिली दोनशे किलो अशीच गेली. वळवाच्या ढगाळ दिवसांत कांदा वाळवला, वरनं कडक लागला म्हणून कुटायला दिला. खोबरंही जुनं होतं. जुलैत दुकानदारांचे फोन सुरू झाले, खवट वास येतोय म्हणून. सगळा माल परत उचलला आणि पुरून टाकला. त्या मालापायी झालेलं कर्ज हॉटेलच्या गल्ल्यानं फेडलं. वही एकच असल्यामुळं मसाल्यानं किती बुडवलं हे मला वर्षभर कळलंच नाही.

म्हणून वह्या आजच वेगळ्या कर. हॉटेलच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लावतेस, तिथं खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पाकिटाच्या धंद्यात ती मिळते. मिरची, पाऊच, छपाईची बिलं हॉटेलच्या खर्चात मिसळलीस तर हक्काचे पैसे जातील. हॉटेलच्या अन्न परवान्यावर (FSSAI) मसाला बनवून विकता येत नाही, उत्पादनाची नोंद त्यात करून घे. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच, तारीख, वजन, किंमत सगळं आलं पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नकोस.

आता चवीचं. तुझी आई मूठ-चिमटीनं घालते आणि चुकत नाही, कारण रस्सा फिका वाटला तर वाढतानाच वरनं कट सोडते. पुण्यातल्या गिऱ्हाइकाकडं वाढायला आई नसेल. तिच्या शेजारी काटा घेऊन बस आणि प्रत्येक मूठ ग्रॅममध्ये लिहून घे. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणका लवंगीचा, पण मिरची दर वर्षी सारखी येत नाही. प्रत्येक बॅचची एक बरणी राखून ठेव. नवा माल आला की दोन्हींचा रस्सा कर आणि शेजारी शेजारी चाखून बघ. गिऱ्हाइकाची तक्रार आली तरी हीच बरणी उघडायची.

दुकानदारांना अजून शब्द देऊ नकोस. कांदा पुन्हा वाळवून, तांबूस तळून, तेल निथळून दहा पाकिटं भर. पाच फडताळात ठेव, पाच चुलीजवळ. दर महिन्याला दोन्हीकडचं एकेक उघड. श्रावणात उघडशील त्यातलं थोडं मला पाठव, इथं मटणाच्या रश्श्यात नाही, पण आमटीत घालून बघतो.

तुझा,
काका