दंतकथा नको, गोष्ट म्हणा (आणि गोठ्याचं काय ते)

किनवटकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी विचारलंय, की वर्गात कोलाम आणि गोंड आदिवासी लेकरं आहेत, त्यांच्या आज्यांना बोलावून गोष्टी सांगायला लावायच्यात, तर फळ्यावर काय लिहू, लोककथा, दंतकथा का बोधकथा? सोबतचे एक सर म्हणतात दंतकथाच बरोबर, कारण ते कुठं लिहिलेलं नाही.

सरांना नमस्कार. तोंडी चालत आलेली कथा हा अर्थ खराय, पण आज आपण 'दंतकथा' कधी म्हणतो ओ? शाळेला दोन नव्या खोल्या मंजूर झाल्यात, ही दंतकथा. म्हणजे आजीला मानानं बोलवायचं आणि तिच्या डोक्यावर फळ्यावर लिहायचं की ही बाई सांगते ते खरं धरू नका. व्रताची असली की 'कहाणी', पुराणातली असली की 'आख्यान', आणि कोलामाच्या पोडावरची (पोड म्हणजे त्यांची वस्ती) तेवढी 'दंतकथा', ऐकून ऐकून कान किटले. बोधकथा तर नकोच. परिपाठात सुविचार, दिनविशेष, बोधकथा अशी रांग लागलेली असते आणि शेवटी 'यातून काय बोध घेतला?' विचारलं की गोष्टीचा जीव गेलाच. कोल्हा लबाडी करून मजेत जगला, घ्या बोध! लोककथा चालेल, पुस्तकी आहे पण कुणाचा अपमान करत नाही.

पण मी म्हणतो साधं 'गोष्ट' लिहा, आणि त्याचं कारण फार भारी आहे. अर्थ सगळ्यांना माहितीय, तो सोडा, मूळ बघा. संस्कृत गोष्ठी, तिच्या मुळाशी गोष्ठ, म्हणजे गो अधिक स्थ, गाई उभ्या राहतात ती जागा. ह्याच गोष्ठचा आपला गोठा झाला. गोष्ट आणि गोठा एकाच घरचे! जुन्या मराठीत तर रूपच 'गोठी' आहे, ज्ञानेश्वरी उघडून बघा. आधी गाई जमायची जागा, मग माणसं जमायची, मग जमलेल्यांचं बोलणं, आणि त्या बोलण्यात निघते ती गोष्ट.

इथं विद्वान मंडळी लगेच अडवतात, की गोष्ठीचा अर्थ संस्कृतातच 'सभा' झालेला होता, कामसूत्रातली गोष्ठी म्हणजे शहरी रसिकांची मैफल, तिच्यात गाय कुठून आणता? आणतो की! शहरवाल्यांनी शब्द उचलला म्हणून तो जन्मला कुठं ते बदलतं का? ह्या लोकांनी आखाड्यावर रात्र काढलेली दिसत नाही (कुस्तीचा आखाडा नाही ओ, परभणी-हिंगोली-नांदेडकडं शेतातल्या गोठ्या-खोपीच्या जागेला आखाडा म्हणतात). वैरण टाकून झाली, जनावरं रवंथ करायला लागली की बाजेवरचा म्हातारा सुरू करायचा, आणि कुणीतरी दर वाक्याला 'हं' म्हणायचं. हं थांबलं की म्हातारा पण थांबायचा, 'झोपला का रे?' ऐकणाऱ्याशिवाय गोष्ट पुढं सरकतच नव्हती, अन् शब्दातच ते आहे, गोष्ठी एकट्याची होत नाही.

आणि शाळेत काय? हाताची घडी, तोंडावर बोट. हुंकार कोण देणार? गोंडांकडं परधान जमातीचे गायक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा तंतुवाद्यावर गात आलेत, ऐकायला ते कूळच समोर बसलेलं. तेच उचलून धडा केला, खाली 'एका वाक्यात उत्तरे लिहा' टाकलं, की गोष्ठी गेली, नुसते दात राहिले.

अजून एक. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हसू नका, तिकडं कॅनडा-अमेरिकेतले ओजिब्वे आदिवासीही त्यांच्या पवित्र कथा हिवाळ्यातच सांगतात, बर्फ पडलेला असताना. म्हणून सकाळी अकराच्या तासाला कोणती गोष्ट चालते आणि कोणती नाही, हे आधी आजीला विचारा, तिनं नाही म्हणलं तर नाही.

हां, तुमचा फळा राहिलाच. खरं तर माझा गोठा आजीच्या कामाचा नाही, कोलामी आणि गोंडी दोन्ही द्राविडी घराण्यातल्या भाषा, तिथं आमचं संस्कृत कुठं चालतं. तेव्हा गोष्टीला ती स्वतः काय म्हणते ते विचारा, तो शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरात वर, खाली 'गोष्ट', आणि बाजूला आजीचं नाव, पोडाचं नाव. 'स्टोरीटेलिंग सेशन' असलं काही लिहू नका. गोष्ट आधी पूर्ण कोलामीत होऊ द्या, दर वाक्याला मधे मराठी घुसवू नका, अर्थ मागून तिची नातवंडं सांगतील. आणि आजी मधेच गप्प झाली तर एक तर कुणी हं म्हणलेलं नाही, नाहीतर तिला चहा पाहिजे.