बुडालेल्या माणसाला आधी खुर्ची दे

लेकी, अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला आणि ठरवलं की चॅटवर तुकडे तुकडे टाकण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं, कारण तू जे विचारलंयस ते दोन ओळीत उरकण्यासारखं नाही. तुमचा पुण्यातला चाळीसेक जणांचा बिटकॉइनचा ग्रुप, बहुतेक सगळे आयटीतले, सगळ्यांना मनापासून वाटतं की लोकांनी हे समजून घ्यावं, वापरावं, आणि लोक मात्र तुम्हाला जुगारी समजतात. लग्नात तुझे मामा चारचौघांत "ते कॉइनवाले सगळे चोर" म्हणाले ते तुला लागलंय हे कळतंय मला. पण त्यावर तू जो प्लॅन केलायस ना, दुकानांवर 'इथे बिटकॉइन चालतं' असे स्टिकर, एखादा रीलवाला, आणि येईल त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फोनवरच्या बिटकॉइनच्या पाकिटात, पाचशे रुपये फुकट, तो वाचून मला काळजी वाटली.

मी ३१ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. तिथे एक गोष्ट रोज बघितली. बाहेर कितीही मोठा बोर्ड लावा, म्हाताऱ्या माणसाचा विश्वास बसतो तो काउंटरवरच्या माणसावर, आणि तोसुद्धा ज्या दिवशी काहीतरी घोळ होतो त्या दिवशी. पासबुकात चूक निघाली, मुदतठेवीची पावती हरवली, तेव्हा तुम्ही त्याला बसवून घेता की "साहेब जेवायला गेलेत" म्हणता, त्यावर पुढची वीस वर्षं ठरतात. तुमच्या ग्रुपचंही तसंच होणार आहे बघ.

आता मामा असं का म्हणतात ते आधी समजून घे. पुण्यात २०१८ मध्ये गेनबिटकॉइनचे गुन्हे दाखल झाले ते तुला आठवत नसेल, तू तेव्हा शाळेत असशील. दर महिन्याला १० टक्के, सलग १८ महिने, असं सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, खाली एजंट, एजंटाखाली एजंट, आणि परताव्याची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं स्वतःचंच कॉइन हातात टेकवलं ज्याला बाजारात काही किंमत नव्हती. पुढे देशभरातल्या केसेस सीबीआयकडे गेल्या. आपल्याकडे दामदुप्पट, साखळी योजना, बुडालेल्या पतसंस्था हे सगळं लोकांनी आधीच भोगलंय, त्यात हा अजून एक शब्द ॲड झाला, बिटकॉइन. तू म्हणशील की त्यात बिटकॉइनच्या नेटवर्कची काय चूक, त्याचा ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची सामायिक वही, तर २००९ पासून व्यवस्थित चालूच आहे. बरोबर आहे तुझं. पण ज्याची ग्रॅच्युइटी गेली त्याला हे उत्तर देऊ नकोस, कधीच नको.

इथे माझं एक सांगतो, आजवर तुला सांगितलं नव्हतं. माझे साडू २०१७ च्या दिवाळीत घरी आले होते अशीच एक कॉइनची स्कीम घेऊन, ही वेगळी होती, छोटी, गावपातळीवरची. महिन्याला ठरलेला परतावा म्हटल्याबरोबर माझ्यातल्या बँकवाल्याला कळलं होतं की हे खोटं आहे, कारण ज्याचा भाव रोज वरखाली होतो त्यावर ठरलेला परतावा कोण कुठून देणार. पण मी नुकतेच थोडे बिटकॉइन घेतले होते, भाव चढत होता, घरात सगळे खूष होते, आणि मला वाटलं आपण विरोध केला तर आपल्याच गोष्टीला नावं ठेवल्यासारखं होईल. गप्प बसलो. त्यांचे सहा लाख गेले. माझी मेव्हणी आजही माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणून सांगतो, तुमच्या ग्रुपमधला कुणी कुठल्या स्कीमबद्दल शंका आली तरी "आपल्या क्षेत्राची बदनामी नको" म्हणून गप्प बसत असेल तर त्याला त्याच क्षणी थांबवा. बदनामी त्या गप्प बसण्यानेच होते.

फुकट पाचशे रुपयांबद्दल. हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून बघितलाय. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन डॉलरच्या जोडीला कायदेशीर चलन केलं, सरकारने चिवो नावाचं ॲप काढलं आणि जो नागरिक डाउनलोड करेल त्याला ३० डॉलरचे बिटकॉइन. पहिल्याच दिवशी ॲप बंद पडलं, त्याच दिवशी भावही दाणकन खाली आला, राजधानीत मोर्चे निघाले, आणि नंतर कित्येक लोकांच्या लक्षात आलं की त्यांच्या ओळखपत्राच्या नंबरवर भलत्याच कुणीतरी खातं उघडून ते ३० डॉलर उचललेत. अर्थतज्ज्ञांनी घरोघरी विचारून पाहणी केली तर बहुतेकांनी बोनस खर्च केला आणि ॲपकडे परत वळून बघितलं नाही. वर कायद्यात दुकानदारावर स्वीकारायची सक्ती होती, तीही शेवटी जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १४० कोटी डॉलरच्या कर्जाच्या बोलणीत ती अट होतीच.

पण त्याच देशात, त्याच्या दोन वर्षं आधी, एल झोंते नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात काय झालं ते बघ. लाटांवर सर्फिंग करायला लोक येतात ते गाव, बहुतेकांचं बँकेत खातंच नाही. तिथे काही माणसं गावातल्या पोरांसाठी आधीपासून काम करत होती, अभ्यास, खेळ, किनाऱ्याची सफाई. २०१९ मध्ये एका अनाम माणसाने बिटकॉइन देणगी दिली, अट एवढीच की डॉलर करून वाटायचे नाहीत, गावातच बिटकॉइन म्हणून फिरू द्यायचे. मग किनारा साफ करणाऱ्या पोरांना मेहनतीचे पैसे त्यात मिळायला लागले, पोरांनी खर्च करायचे म्हणून पुपूसा, म्हणजे तिकडची भरलेली भाकरी, विकणाऱ्या बाईने घ्यायला सुरुवात केली, तिला कसं घ्यायचं ते त्याच पोरांनी शिकवलं, आणि २०२० मध्ये कोविडने पर्यटक बंद झाले तेव्हा घरटी थोडी थोडी मदत याच वाटेने गेली. देश डॉलरवर चालतो आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी धाडलेल्या पैशावर जगतो, त्यामुळे फोनवर पैसे येणं ही त्यांची खरी गरज होती. दोन्हीकडे नाणं एकच. एल झोंतेत अडलं तर विचारायला शेजारचा पोरगा होता, चिवोच्या वेळी माणूस एकटाच ॲपकडे बघत बसला. मला तरी सगळा फरक त्यातच दिसतो.

आता आपल्याकडे ही गरज आहे का, हा प्रश्न स्वतःला खरेपणाने विचार. भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर कोड आहे, यूपीआयने दहा रुपयेसुद्धा क्षणात जातात आणि फुकट जातात. त्यांना बिटकॉइनचं स्टिकर चिकटवून तू काय देणार आहेस? उलट १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, वर सेस, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. बिटकॉइन देऊन चहा घेतला तरी तो कायद्याने हस्तांतरच, त्याचा हिशोब ठेवावा लागतो. हे माहीत असताना दुकानदाराला गळ घालणं मला पटत नाही. टॅक्स बदलावा असं वाटत असेल तर खासदाराला पत्र लिहा, सीएंना बोलवून चर्चा ठेवा, ते काम चांगलं आहे आणि मीही सही करेन. तोवर स्टिकर नकोत.

इन्फ्लुएन्सरचंही तेच. २०२१ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडला होता, दर ओव्हरला एक, आणि त्याच नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचला होता. वर्षभराने १६ हजार. ज्यांनी त्या जाहिराती बघून घेतले त्यांच्या तोंडून आज काय निघतं ते ऐक एकदा. त्यानंतर जाहिरात मानक परिषदेने एप्रिल २०२२ पासून नियम केला की धोक्याची सूचना द्यायचीच आणि क्रिप्टोच्या जाहिरातीत करन्सी हा शब्दसुद्धा वापरायचा नाही. सेलिब्रिटीच्या रीलने जी गर्दी येते ती भावासाठी येते आणि भाव पडला की शिव्या देत जाते, आणि त्या शिव्या रीलवाल्याला पडत नाहीत, तुम्हाला पडतात.

आपल्यातल्या हिरोंबद्दलही जपून. डोजकॉइनवाल्यांनी २०१४ मध्ये फार सुंदर कामं केली, जमैकाच्या बॉबस्लेड (बर्फावरची घसरगाडी) टीमला सोची ऑलिंपिकला जायला पैसे उभे केले, केनियात पाण्यासाठी वर्गणी काढली, जग कौतुकाने बघत होतं. चेष्टेत जन्मलेल्या नाण्याला चांगलं नाव मिळालं ते या कामांमुळे, मला आजही त्यांचं कौतुक आहे. पण त्याच वर्षी नासकारच्या रेसगाडीच्या वर्गणीत मोठी भर घालून जो सगळ्यांचा लाडका झाला, त्याचीच कंपनी ऑक्टोबरात बंद पडली आणि लोकांचे पैसे अडकले. दानाने माणूस तपासून होत नाही गं. तुमच्यात कुणी वर्गणी काढली तर हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर, पै न् पै, आणि पैसे दोघांच्या-तिघांच्या सहीशिवाय हलणार नाहीत असं मल्टिसिग वॉलेट. ते तुम्हाला बनवता येतं, मग वापरा.

मग करायचं काय, हे तू विचारणारच. माझं म्हणणं, लोकांना घ्यायला लावू नका, सांभाळायला शिकवा. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे पटकन कळतं, २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते, त्या रांगा लोकांनी बघितल्यात. तसंच १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला, २३ कोटी डॉलरच्या वर गेले आणि लोकांचं विड्रॉअल कितीतरी महिने अडकलं. दुसऱ्याच्या ताब्यात ठेवलेली वस्तू आणि आपल्या ताब्यातली वस्तू यातला फरक सांगायला याहून वेगळी उदाहरणं नकोत. वॉलेट परत उघडणारी बारा किंवा चोवीस शब्दांची ती सीड फ्रेज म्हणजे लॉकरची किल्ली, फक्त इथे बँकेकडे दुसरी किल्ली नसते. कागदावर लिहा, फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका, आणि घरातल्या एका माणसाला ती कुठे आहे ते माहीत हवं. वारसाचं लोक विसरतात. काउंटरवर मी इतक्या बायका बघितल्या, नवरा गेला आणि नॉमिनीच लावलेला नाही, फेऱ्या मारून मारून थकून जायच्या. इथे तर फेऱ्या मारायलाही कुणी नाही.

आणि अनोळखी माणसाकडून पीटूपीवर, म्हणजे थेट एकाने दुसऱ्याकडून, घेण्याच्या फंदात नवख्याला पाडू नका, समोरच्याचे पैसे सायबर फ्रॉडचे निघाले तर याचं बँक खातं गोठतं, पगार अडकतो. एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी असलेला एक्स्चेंज, पूर्ण केवायसी, रक्कम अशी की उद्या शून्य झाली तरी मुलांची फी भरता येईल. हे सांगितल्यावर दहातले आठ जण घेणार नाहीत. चालेल. ते आठ जण बाहेर जाऊन सांगतील की त्या पोरांनी मला घ्यायला लावलं नाही.

कुणी विजेचा मुद्दा काढला तर चिडू नकोस, मायनिंगला, म्हणजे व्यवहार नोंदवून नवे बिटकॉइन काढणाऱ्या कॉम्प्युटरांना, एखाद्या मध्यम देशाएवढी वीज लागते हे खरंच आहे, आधी हो म्हण आणि मग बाकीचं बोल. कुणी म्हणालं गुन्हेगार वापरतात, तर तेही मान्य कर, सिल्क रोड हा ड्रग्जचा ऑनलाइन बाजार २०१३ पर्यंत त्यावरच चालला. मग सांग की ही वही सगळ्यांना उघडी आहे, २०१६ मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून चोरलेले बिटकॉइन अमेरिकन तपासयंत्रणेने माग काढत काढत २०२२ मध्ये जप्त केले, ९४ हजारांच्या आसपास. आणि रिझर्व्ह बँकेबद्दल ग्रुपमध्ये ते जे मीम फिरतात ते बंद करायला सांग. बँकांनी क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नये असं २०१८ चं त्यांचं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं ते युक्तिवाद करून, टिंगल करून नाही. आपल्याला वाटतं तेवढी ती माणसं आडमुठी नाहीत, ठेवीदार बुडाला की पहिला प्रश्न त्यांना विचारला जातो, मी त्या बाजूला बसलोय म्हणून सांगतो.

रविवारी मी येतोय तुमच्या बैठकीला. जुना फोन असेल तर आण, त्यावर शंभर रुपयांचं वॉलेट करू, पुसून टाकू आणि कागदावरच्या शब्दांवरून सगळ्यांसमोर परत आणून दाखवू, नुसतं ऐकून ते कुणाला कळत नाही. आणि मामांना बोलव. तुझं ऐकतील की नाही माहीत नाही, माझं नाव सांग, मी स्वतःही फोन करतो. त्यांचे स्वतःचे गेलेत की ओळखीच्या कुणाचे ते मला ठाऊक नाही, पण इतकं पोटतिडकीने कुणी उगाच बोलत नाही. त्यांना पुढच्या रांगेत बसव आणि सगळ्यात आधी त्यांनाच बोलू दे, मध्ये कुणी तोडायचं नाही, तूसुद्धा. मी त्यांच्यानंतर बोलेन, साडूंची गोष्ट सांगेन.

तुझा,
काका