‘रक्तवाढ’ नको, आणि ‘लोहित’मध्ये लोखंड शोधू नका

राजारामपुरीतील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी लिहिलेल्या ‘एरिथ्रोसायटोसिस’ला, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी वाढण्याला, मराठीत ‘रक्तवाढ’ म्हणावे का. म्हणू नये. ‘रक्त वाढले’ हे आपल्याकडे पांडुरोगातून सावरलेल्या माणसाविषयी समाधानाने म्हटले जाते. ज्या अवस्थेत रक्त दाट होऊन गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, तिला तेच शब्द लावणे, किंवा तिची सरळ रक्तदाबाशी गल्लत करणे, कानाला खटकते.

‘सायट’ म्हणजे पेशी, हे सांगायला नको. खरी मौज ‘एरिथ्रो’त आहे. ग्रीक ‘एरिथ्रॉस’ म्हणजे तांबडा, आणि तो आपल्या ‘रुधिर’चा सख्खा भाऊ आहे: आरंभीचा ‘ए’ ही ग्रीकची खास लकब, आणि मूळच्या ‘ध’चा त्या भाषेत ‘थ’ होतो. त्याच कुळातील ‘रोहित’ आणि ‘लोहित’ यांत ‘ध’चा ‘ह’ झाला. इंग्रजीतील ‘रेड’ हाही त्यांचा दूरचा चुलतभाऊ.

रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते म्हणून ‘लोहित’ म्हणायचे, असे शिकवणाऱ्यांची मला कीव येते. रक्तातील लोह प्रयोगाने दिसले ते अठराव्या शतकात. अथर्ववेदाने मात्र त्याआधी कितीतरी शतके शिरांना ‘लोहितवासस्’, म्हणजे तांबडी वस्त्रे ल्यालेल्या, म्हटले होते. उलट ‘लोह’ हाच शब्द आधी तांबूस धातूचा, म्हणजे तांब्याचा, आणि मागाहून लोखंडाचा झाला. ‘लाल पेशी’पेक्षा मला ‘तांबड्या पेशी’ आवडतात, त्या यासाठीही; कोल्हापुरात तर हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा ‘तांबड्या पेशी वाढल्या आहेत’ एवढेच म्हणावे. प्रौढ पुरुषांत त्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४५ ते ५९ लाख असतात. मात्र रस्सा आटला की मसाला न वाढताही तो दाट होतो, तसे शरीरातील पाणी घटल्यावर केवळ आकडा चढतो, आणि अशा वाढीला ‘सापेक्ष’ हे विशेषण जोडले पाहिजे. धूम्रपान, फुफ्फुसांचे जुने आजार किंवा उंच प्रदेशातील वास्तव्य यांमुळे प्राणवायू कमी पडला, तर मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी तयार करायला लावणारे संप्रेरक, अधिक सोडतात आणि पेशी खरोखरच वाढतात. अस्थिमज्जेतच बिघाड होऊन, बहुधा ‘जॅक-२’ जनुकातील बदलामुळे, त्या वाढल्या, तर त्या आजाराला ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’ म्हणतात, आणि त्यावर शिरेतून ठरावीक रक्त काढून टाकण्याचा उपचार आजही केला जातो.