बारा तासांची वही

"मॅडम, रोज अकरा-साडेअकरा तास बसतो मी. मिनिट वाया घालवत नाही. तरी पुढं का सरकत नाही?"

विचारणारा मुलगा सत्तावीस वर्षांचा. लातूरकडचा, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारा, माझ्याकडे समुपदेशनाला आलेला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) बोलता बोलता त्याने बॅगेतून वही काढली. तारीखवार तास, मिनिटांसकट. अभ्यासिकेतून चहाला उठला की स्टॉपवॉच बंद, परत बसला की चालू. व्हिडिओ दुप्पट वेगाने. राज्यघटनेची सातवी रिव्हिजन सुरू होती.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती आधी सांगते. मलाही ती वही भारी वाटली. मग मी झोप, मोबाइल, मेसला जायच्या वेळा यांवरच बोलत बसले. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा साडेअकराचे बारा झाले होते आणि चेहरा आणखी उतरला होता. घाण्याचा बैल जागेवरच फिरत होता. मी त्याचा वेग तेवढा वाढवून दिला होता.

दुसऱ्या भेटीत वही बाजूला ठेवायला लावली आणि कोरा कागद दिला. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. लेखीचे १७५० गुण. पर्यायातला गोल काळा करायचं काम आता पूर्वपरीक्षेपुरतं. जुन्या पद्धतीत हा दोनदा मुख्यपर्यंत जाऊन थोडक्यात राहिला होता. म्हटलं, "सात वेळा वाचलंयस ना? राज्यपालांच्या स्वेच्छाधीन अधिकारांवर लिही. पंधरा मिनिटं."

त्याने चार ओळी लिहिल्या. कलम १६३ आलं, विधेयकाच्या संमतीचं कलम २०० आलं, केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाचं नाव आलं. मग पेन थांबलं. हे अधिकार वादात का सापडतात, राष्ट्रपती राजवटीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालाने १९९४ साली नेमकं काय बदललं, यावर वाक्यच तयार होईना. "पर्याय दिले असते तर आलं असतं, मॅडम," तो म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला.

नवी पद्धत येणार हे त्याला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. उत्तरलेखनाची वहीसुद्धा आणलेली होती, कोरी. मी विचारलं, ती उघडली की काय होतं? बराच वेळ तो खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिहिलं की कळतं ना, येत नाही ते."

माझ्या मते गाठ तिथे होती. तास आपल्या हातात असतात, मोजता येतात, संध्याकाळी वहीत मांडले की बरं वाटतं. लिहिलेलं उत्तर तोंडावर नापास करतं. म्हणून हा मुलगा अभ्यास टाळण्यासाठी अभ्यास करत होता, तोही अगदी काटेकोरपणे. वजन कमी करायचं म्हणून रोजची पावलं मोजणारे आणि रात्रीच्या ताटाकडे न बघणारेही माझ्याकडे येतात. जात तीच.

त्याला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे निघून गेले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं.

मग ठरलं ते साधं. सकाळी डोकं ताजं असताना आधी उत्तरं लिहायची, शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडून तपासून घ्यायची आणि त्यात जे उघडं पडेल तेवढंच दिवसभर वाचायचं. स्टॉपवॉच मी काढून घेतलं नाही. तीन तासांत अडीचशे गुणांचा पेपर संपवायचा तर वेगही लागतोच. पण पहिले तीन आठवडे ते बंद. उत्तराला आकार आला की मग लावायचं.

याच्या नेमकी उलट एक मुलगी माझ्याकडे येत असे. लिहायची सुरेख. एकेक उत्तर चार रंगांच्या पेनांनी, दीड तास घेऊन. तिला मी पहिल्याच दिवशी घड्याळ लावायला सांगितलं होतं. सल्ला सगळ्यांना एक नसतो.

दोन महिन्यांनी तो आला तेव्हा बोटांना शाई होती. तास सातावर आले होते आणि त्याची त्याला लाज वाटत होती. गावाहून आप्पांचा रोज फोन असतो. सोयाबीनचा भाव पडलेला, तरी पैसे वेळेवर येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "किती तास झाला अभ्यास?" सात सांगायची हिंमत होईना, म्हणून त्या दिवशी तो म्हणाला, "आप्पा, आज तीन उत्तरं लिहिली."

तिकडे जरा वेळ शांतता.

"अन् बरुबर आली का?"

"दोन चुकली," हा म्हणाला.

"मग उद्या तीच लिही," म्हणून आप्पांनी फोन ठेवला.