इंग्लंडमध्ये मुलाला चौथ्या पसंतीची माध्यमिक शाळा मिळाली आहे. अपील करावं का?

तुम्ही लंडनमधल्या क्रॉयडनला राहता, १ मार्चच्या संध्याकाळी ईमेल आला, सहा पसंतींपैकी चौथी शाळा मिळाली. मुलगा म्हणतो चालेल, मिस्टर म्हणतात अपील करू या, आणि तुमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलंय की मिळालेली जागा स्वीकारली तर अपील कमजोर पडतं. बाकी सगळं वाचून मी पुढे गेले असते, पण त्या 'ग्रुपवर सांगतात'पाशी माझा चहा गार झाला.

साफ खोटं आहे ते. जागा आजच स्वीकारा. स्वीकारल्याने अपिलाचं काही बिघडत नाही आणि वेटिंग लिस्टचंही नाही. नाकारलीत तर कौन्सिल (इथली महापालिका, जागावाटप तीच करते) ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन मोकळं होईल, आणि अपील हरलात तर सप्टेंबरात मुलगा घरी बसेल. तेव्हा ग्रुपवरचे ते गृहस्थ शिकवायला येणार आहेत का, विचारा त्यांना.

आमच्याही ग्रुपवर असे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांचा मुलगा ग्रामर स्कूलला (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) लागलेला, त्यामुळे इलेव्हन प्लसच्या, म्हणजे त्या प्रवेश परीक्षेच्या बाबतीत दादांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. २०२२च्या ऑक्टोबरात आमची लेक इयर सिक्सला, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही लंडनच्याच हाउन्स्लोला राहतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक साधी सरकारी शाळा आहे, फार नावाजलेली नाही आणि बदनामही नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथे जाणारी पोरं दिसतात. माझं म्हणणं एवढंच होतं की बाकी काहीही भर, ही शाळा शेवटी सहाव्या क्रमांकावर लिही. नवरा म्हणाला, "जवळची टाकली की तीच देतात. कौन्सिलला तेवढंच हवं असतं. दादा म्हणालेत."

आता हे नीट समजून घ्या, कारण आपले कितीतरी लोक इथेच आपटतात. इथे शाळांना तुमचा पसंतीक्रम दिसतच नाही. प्रत्येक शाळा स्वतःच्या निकषांवर, म्हणजे भावंडं, अंतर, चर्च, परीक्षा वगैरेंवर आपली यादी लावते. त्यातल्या जितक्या शाळांत तुमचं मूल बसतं, त्यातली तुम्ही सगळ्यात वर लिहिलेली तेवढी ठेवून बाकीच्या काढून टाकतात. सहाव्या नंबरची शाळा वरच्या पाचांचं काहीही बिघडवू शकत नाही. ती फक्त पडलात तर झेलायला असते.

पण नवऱ्याच्या डोक्यात पुण्याची अकरावी होती. पुतण्याच्या ऑनलाइन ॲडमिशनच्या वेळी यानेच इथून फोनवर रात्र रात्र पसंतीक्रम लावून दिला होता. तिथे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे यादीत नको ते नाव लिहायचंच नाही, ही भीती आपल्या हाडीमांसी खिळलेली. तेच गणित त्याने इथे लावलं. लेकीने चार ग्रामर स्कूलच्या परीक्षा दिल्या होत्या आणि पात्रही ठरली होती. पण पात्र ठरणं वेगळं आणि जागा मिळण्याइतके मार्क वेगळे. चार शाळा लिहिल्या, दोन रकाने कोरे ठेवले. शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. आदल्या रात्री अकरा वाजता मी भांडून दमले आणि सबमिटचं बटण मीच दाबलं. हे मला पुढे तीनदा ऐकवलं गेलं, म्हणून आधीच कबूल करते.

१ मार्च २०२३. चारही नाही. मिळाली ती चार मैलांवरची, दोन बस बदलून जायची शाळा, जिचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नवरा रात्री दहाला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, अपील करू, त्या जवळच्या शाळेसाठी. मी म्हटलं, कशाच्या जोरावर? ज्या शाळेचं नाव लिहिलंच नाही, तिने नकार दिलेला नाही, आणि नकार नसेल तर अपीलही नाही. मग आधी उशिराचा अर्ज, त्यावर शाळा भरल्याचं पत्र, आणि मग अपील. तेवढ्यात मी कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहिलं. त्या शाळेत अंतराच्या निकषावर शेवटची जागा १.४ मैलांवर राहणाऱ्या मुलाला गेली होती. आमचं घर अर्ध्या मैलावर. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि काही बोलले नाही. लग्नाच्या सोळा वर्षांत गप्प बसण्याने इतकं काम कधी झालं नव्हतं.

अपिलाचं पत्र त्याने लिहिलं, सात पानी. दोन्ही शाळांचे निकाल, ऑफस्टेडचे (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे) शेरे, बसमधली गुंडगिरी, आम्ही भरतो तो टॅक्स. लेक त्यात दुसऱ्या पानावर एकदा यायची, 'आमची मुलगी' म्हणून. आम्ही आलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. पहिली टर्म वर्गात एक अक्षर बोलली नाही. घरी तोंडाचा पट्टा चालू आणि शाळेत मुकी. दोन मैत्रिणींच्या आधाराने हळूहळू बोलायला लागली, आणि त्या दोघी त्याच जवळच्या शाळेत चालल्या होत्या. मी तिच्या क्लास टीचरकडून हे सगळं एका पानावर लिहून आणलं. नवऱ्याने ते शेवटी जोडलं, पुरवणी म्हणून.

सुनावणी १३ जूनला, व्हिडिओ कॉलवर. तीन जणांचं पॅनेल, शाळेशी आणि कौन्सिलशी संबंध नसलेलं. पहिला भाग सगळ्यांचा एकत्र, आम्ही अकरा कुटुंबं. शाळेच्या बाजूच्या बाई सांगत होत्या की आमचा पॅन १८० आहे (पॅनकार्डाशी संबंध नाही, किती मुलं घेणार ते आधी जाहीर केलेली संख्या), ऑफर १८६ जणांना दिल्यात, प्रयोगशाळेत इतकीच टेबलं, जेवणाच्या हॉलमध्ये दोन पाळ्या. मग प्रत्येकाची वेगळी वीस मिनिटं. नवऱ्याने निकालांचे आकडे सुरू केले. पॅनेलमधल्या एक वयस्क बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, ही शाळा तुम्हाला इतकी हवी होती, तर ऑक्टोबरच्या फॉर्मवर का नव्हती?

मला वाटलं आता दादांचं नाव निघणार. नाही निघालं. तो म्हणाला, "आमची समजण्यात चूक झाली." तेवढंच. त्या एका वाक्यासाठी मी त्याला बरंच काही माफ केलं आहे, सगळं नाही. त्यानंतर पॅनेलने सात पानांपैकी एकाही पानावर काही विचारलं नाही. विचारलं ते टीचरच्या पत्राबद्दल. आता वर्गात बोलते का, अनोळखी शिक्षकांशी बोलते का, मिळालेल्या शाळेला हे कळवलंय का. शेवटच्या प्रश्नाला आमचं उत्तर 'नाही' होतं.

आठवड्याच्या आत पत्र आलं, अपील फेटाळलं.

आणि जागा मिळाली १९ जुलैला, वेटिंग लिस्टवरून. एप्रिलमध्ये आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो, मे महिन्यात चौथ्यावर गेलो. हो, मागे जाता येतं, कारण ही यादी 'आधी आला त्याला आधी' अशी नसते, निकषांवर लावतात. भावंडं शाळेत असलेली दोन कुटुंबं नव्याने अर्ज करून आमच्या पुढे लागली. शिवाय सहा ऑफर जास्तीच्या होत्या, म्हणजे पहिल्या सहा जणांनी नको म्हटलं तरी एकही जागा मोकळी होणार नव्हती. अपील नसतं केलं तरी ही जागा आम्हाला त्याच दिवशी मिळाली असती. पण दर गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत नवरा नव्या लोकांना सांगतो, "आम्ही अपील करून मिळवली." मी म्हणते, जूनमध्ये फेटाळलं, १९ जुलैला वेटिंग लिस्टवरून मिळाली. लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी श्रीखंडात केस दाखवला.

तर, तुमच्याबद्दल. करा अपील, फी नाही. मुदत नकाराच्या पत्रापासून किमान वीस शालेय दिवसांची असते, ईस्टरची सुट्टी त्यात धरत नाहीत. नक्की तारीख पत्रात बघा, ग्रुपवर विचारू नका. सुनावणीपर्यंत गेलेल्या माध्यमिक अपिलांपैकी साधारण पाचात एक मान्य होतं, हे मिस्टरांना आज सांगून ठेवा. तीस मुलांच्या वर्गामुळे अपिलं टिकत नाहीत असं कुणी म्हणालं, तर तो नियम रिसेप्शन ते इयर टू या लहान वर्गांसाठी आहे, इयर सेव्हनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला लागू नाही.

लिहायला बसण्याआधी पहिल्या पसंतीच्या शाळेत शेवटची जागा कुठल्या निकषावर आणि किती अंतरावर गेली ते काढा. तुमचं अंतर चुकीचं मोजलंय, भावंड धरलेलं नाही, फॉर्मची पुरवणी कुठे तरी गहाळ झाली, असं काही सापडलं आणि त्या चुकीमुळेच जागा गेली असेल, तर पॅनेलला अपील मान्य करावंच लागतं. यापेक्षा भक्कम मुद्दा नाही. चूक नसेल तर मग फक्त मुलाबद्दल लिहा. त्याला तिथेच मिळेल असं काय आहे, आणि त्याचा पुरावा देणारा, तुम्ही सोडून, दुसरा कोण आहे. दोन पानं बस झाली. मिळालेली शाळा किती वाईट, हे लिहू नका. पॅनेल शाळांची परीक्षा घ्यायला बसलेलं नसतं. आणि तुमच्या ऑफिसच्या वेळांशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण अकरा कुटुंबांतल्या अकराही जणांना ऑफिस होतं.

वेटिंग लिस्टवर नाव आहे ना, याची कौन्सिलकडे खात्री करा आणि नंबर विचारत राहा. ती यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते.

दोन महिन्यांसाठी शाळेजवळ खोली भाड्याने दाखवा, असं सांगणारेही भेटतील. दादांनीच सुचवलं होतं. पकडलं तर दिलेली जागाही काढून घेतात, आणि पकडतात.

हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडची पद्धत निराळी. मुलाचा ईएचसीपी (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी कौन्सिल करते तो आराखडा) असेल तर तो रस्ताच वेगळा, ट्रिब्युनलचा, तिथे माझं काही ऐकू नका. मी बँकेत काम करते, वकील नाही.

आणि एक गोष्ट मी मंडळात कधी सांगत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेक त्या चार मैलांवरच्या शाळेत ओळखीच्या दिवसासाठी जाऊन आली होती. जाताना पोटात दुखत होतं, येताना एका मुलीचं नाव सांगत होती. बसमध्ये माझ्याशी त्या शाळेच्या लायब्ररीबद्दल बोलत होती. मार्चपासून जेवताना आम्ही त्या शाळेबद्दल जे जे बोललो होतो, ते तिने कदाचित ऐकून सोडून दिलं असावं. १९ तारखेला आम्ही उड्या मारत तिला बातमी सांगितली, तर ती म्हणाली, "परत नवीन?" आम्ही दोघांनी तिला समजावलं. दोन मैत्रिणी, दहा मिनिटं चालत, खिडकीतून दिसते. तुला कुठे जायचंय, असं आम्ही दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

आता ती इथे बरी रुळली आहे. त्या दोन मैत्रिणींपैकी एकीशी बोलत नाही, दुसरी वेगळ्या सेटमध्ये (कुवतीनुसार पाडलेल्या गटात) गेली.

तुमचा मुलगा 'चालेल' म्हणाला, ते त्याला पुन्हा एकदा विचारा. मिस्टर खोलीत नसताना विचारा, आणि तुमच्या आवाजात 'अपील' नसताना.

हे उत्तर आमच्या घरीही वाचलं जाणार आहे, मला माहीत आहे. वाचू दे. तारखा वर दिल्या आहेत, कौन्सिलचा ईमेलही मी जपून ठेवला आहे.