शेवटचा एक मीटर

प्रिय मित्रा,

सिंक्रोट्रॉनमधून एक्स-रेचा झोत नमुन्यापर्यंत आणणाऱ्या तुझ्या बीमलाइनचा आराखडा दोनदा वाचला. एक्स-रे निर्माण करणारा अनड्युलेटर, त्यातली हवी ती तरंगलांबी निवडणारा मोनोक्रोमेटर आणि आरसे यांवर पानंच्या पानं आहेत, आणि नमुना जिथे उभा राहणार त्या जागेची बोळवण अर्ध्या पानात. माझी तक्रार तिथेच आहे.

लांब बीमलाइन मागितलीस ते बरोबर केलंस. ग्रेनोबलला ईएसआरएफ या युरोपीय सिंक्रोट्रॉनमध्ये इमेजिंगची आयडी-१९ बीमलाइन १४५ मीटर लांब आहे, ती हौसेखातर नव्हे. उगमापासून जितकं लांब जावं तितका झोत रुंद होतो आणि त्याचा कोहेरन्सही, म्हणजे लहरींचा एकमेकींशी असलेला मेळही, वाढतो. मऊ गोष्टी दिसतात त्या या कोहेरन्समुळे. कीटकाचा पंख एक्स-रे जवळजवळ शोषतच नाही, पण त्यातून जाताना लहरीची फेज सरकते, म्हणजे तिचे चढउतार थोडे पुढेमागे होतात. हलक्या मूलद्रव्यांत हा परिणाम शोषणाच्या हजारपटही असू शकतो. डिटेक्टर नमुन्यापासून थोडा मागे नेला की कडा उठून दिसतात. म्हणजे हचमध्ये, नमुन्याच्या त्या बंदिस्त खोलीत, नमुना बसवायच्या स्टेजच्या मागे डिटेक्टर पुढेमागे सरकवायला मोकळी जागा हवी. ती तुझ्या नकाशात नाही.

आता एक हिशोब कर. तुझा पिक्सेल १ मायक्रॉनचा. नमुना ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा १ मीटरचा खांब १ अंश सेल्सियसला साधारण २३ मायक्रॉन वाढतो. खोलीचं तापमान ०.१ अंशाने हललं तरी नमुना दोन पिक्सेल वर गेलेला असतो. मी एका ठिकाणी काम करत असताना आम्ही तीन आठवडे बीमला शिव्या घालत बसलो होतो. चित्र थोडा वेळ स्वच्छ, मग पुसट, पुन्हा स्वच्छ. एका रात्री हचबाहेर नुसताच बसलो होतो, तेव्हा कळलं की एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की चित्र हलतंय. गार वारा थेट खांबावर येत होता. मध्ये एक पुठ्ठा उभा केला आणि तीन आठवड्यांचं दुखणं त्या रात्रीत गेलं. पुढे तिथे ग्रॅनाइट बसवला, पण तो पुठ्ठाही कुणी काढला नाही!

नमुना धरायची पद्धतही आधीच ठरव. ओलं पान किंवा ऊतीचा तुकडा स्कॅन चालू असतानाच सुकतो, आणि सुकताना आकसतो. त्याला बंद नळीत, थोडी ओल ठेवून बसवावं लागतं. शिवाय दर वेळी हचचं दार उघडलं की आत कुणी राहिलं नाही ना हे पाहत फिरायचं, शोधाची बटणं क्रमाने दाबायची, दार लावून भोंगा संपेपर्यंत थांबायचं. स्कॅन दोन मिनिटांचा असला तर यातच जास्त वेळ जातो. नमुने बदलणारा यांत्रिक हात ही चैन नाही. दुसरा एखादा आरसा कमी कर, पण तो हात ठेव.

डिटेक्टरबद्दल तू बरंच नीट लिहिलंयस. फक्त एक्स-रेचं दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या सिंटिलेटरच्या मागे ४५ अंशांत आरसा ठेवून कॅमेरा बाजूला घे. लेन्स सरळ झोतात राहिली तर काच तपकिरी पडते.

साठवणुकीचा खर्च ‘नंतर’ या रकान्यात का टाकलास? २०४८ पिक्सेल रुंदीच्या चित्राला साधारण ३२०० प्रोजेक्शन, म्हणजे नमुना फिरवत वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रं, लागतात. १६ बिटांत एकेक चित्र आठ एमबीच्या वर, म्हणजे एका स्कॅनचा कच्चा डेटाच सुमारे २७ जीबी. पुनर्रचनेनंतरचा त्रिमितीय डेटा वेगळा, आणि तो याहून मोठा. दिवसाला पन्नास स्कॅन धरलेस तर महिन्याभरात काय पुसायचं यावरून भांडणं लागतील. कोण पुसणार, किती दिवसांनी, हे पहिला संशोधक दारात यायच्या आत लिहून ठेव.

लांब बीमलाइनचं टोक मुख्य हॉलच्या बाहेर, वेगळ्या इमारतीत जाणार, म्हणजे तिथलं काँक्रीटही वेगळं. ते ओतायच्या आधी त्या जागेवर आठवडाभर कंपनमापक ठेव, रात्रीसुद्धा आणि रविवारीसुद्धा. आकडे आले की मला पाठव. आरशांचं मग बोलू.